बरणीवरची खूण

आमच्या शाळेत तिला सगळे 'हातचा बाई' म्हणतात. मुलं तोंडावर नाही म्हणत, पण आमच्या दोघींच्या वर्गांमध्ये नुसतं लाकडी फळ्यांचं पार्टिशन आहे, मला सगळं ऐकू येतं. एकोणतीस वर्षं दुसरीच्या पोरांना "हातचा विसरलात ना?" असं विचारून विचारून तिचा घसा बसला तो बसलाच. मी शेजारी चित्रकला शिकवते. माझी मुलं चित्रं माझ्याकडे काढतात आणि बेरीज तिची ऐकून शिकतात.

या वर्षी ती फारच थकली होती. घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, नवऱ्याची नोकरी परगावी, गुडघे तर कधीचेच कामातून गेलेले. मधल्या सुट्टीत डबा न उघडताच डोळे मिटून बसायची. "अगं, दोन घास तरी खा," म्हटलं की म्हणायची, "चावायचासुद्धा कंटाळा आलाय गं." निवृत्तीला चौदा महिने. अशा बाईनं गपचूप दिवस ढकलावेत की नाही? छे! हिनं वर्गात काचेची बरणी आणून ठेवली. दवाखान्यातल्या लहान मुलांसाठी चाकाची खुर्ची घ्यायची, तर ज्याला जमेल त्यानं एकचं नाणं टाकायचं. कुणी टाकलं, कुणी नाही, ते विचारायचं नाही. शाळा सुटताना नाणी जिथवर आली तिथे पेनानं खूण करायची. मुलं कालची आणि आजची खूण पट्टीनं मोजायची आणि वजाबाकी करायची.

खूण गळ्याशी आली तेव्हा तिनं बरणी सतरंजीवर ओतली. दहा-दहाच्या चळती लावल्या, दहा चळतींचं एक शतक. चारशे बारा भरले. शाळा सुटल्यावर ती जड पिशवी घेऊन कोपऱ्यावरच्या वाण्याकडे गेली, त्याला सुट्ट्या पैशांची कायम मारामार. दुसऱ्या दिवशी बरणीत शंभराच्या चार नोटा, दहाची एक आणि दोन नाणी. "शतक, दशक, एकक. समजलं?" वर्ग म्हणाला, "हो-ओ." वर्ग नेहमीच हो म्हणतो.

टिकली मात्र ते दोन्ही दिवस तापानं घरी होती. पहिल्या बाकावरची, एवढीशी, म्हणून टिकली. तिसऱ्या दिवशी आली, बरणीचा तळ पाहिला आणि घरी जाऊन सांगितलं, "बाईंनी पैसे नेले." झालं! तिच्या आईनं फाटकापाशी दुसऱ्या बायकांना सांगितलं. त्यातल्या एकीचा मुलगा म्हणाला, "हो, बाई पिशवी भरून घेऊन गेल्या." मग राईचा पर्वत व्हायला कितीसा वेळ लागतो?

सोमवारी मोठ्या बाईंच्या खोलीत टिकली आणि तिची आई उभ्या. मलाही बोलावलं होतं. "तसं काही नाही हो, पण तक्रार आली की विचारावं लागतं," मोठ्या बाई म्हणाल्या. माझं डोकंच फिरलं. "एकोणतीस वर्षांत हिनं खडूचा तुकडा घरी नेला नाही!" हातचा बाईचा चेहरा पांढराफटक पडला होता. पैशांचं मेलं काय एवढं, पण जाता जाता कपाळावर चोर म्हणून शिक्का!

"मला आता भांडायचं त्राण नाही," ती म्हणाली. "बरणी आणा. आणि वाण्याकडून एकची शंभर नाणी."

नाणी आली. "टिकले, लाव चळती." टिकलीनं जीभ बाहेर काढून दहा चळती लावल्या. बाईनं शेजारी शंभराची नोट ठेवली. "हे जास्त की ते?"

टिकलीनं बराच वेळ पाहिलं. "सारखंच."

"मग बरणी रिकामी कशी झाली?"

"रिकामी नाही झाली. बारीक झाली."

मोठ्या बाई हसल्या आणि तक्रारीचा कागद फाडून टाकला. टिकलीची आई हात जोडून म्हणाली, "बाई, चुकलं माझं. पोर म्हणाली आणि मी…"

"असू दे," हातचा बाई म्हणाली आणि खुर्चीत बसली. सुटली एकदाची, असं मला वाटलं. पण मुलाचं कुठे चुकलं ते विचारल्याशिवाय राहील ती हातचा बाई कसली! "पण काय गं, मीच नेले असं तुला का वाटलं?"

"आमच्याकडे असंच होतं," टिकली म्हणाली. "आई डब्यात नाणी साठवते. ती खाली गेली की बाबांनी नेलेली असतात. मग आई रडते."

"गप बस," आई पुटपुटली.

टिकली गप्प बसली नाही. तिनं त्या नोटेकडे पाहिलं, चळतींकडे पाहिलं आणि तिचा चेहरा एकदम खुलला. "आई! म्हणजे बाबांनी पण नोटाच करून आणल्या असतील! हो ना, बाई?"

आईनं मान खाली घातली. मला तर रडूच आलं. हातचा बाईनं टिकलीला जवळ ओढलं आणि तिच्या केसांवरून हात फिरवत राहिली.

"उद्या सांगते हं," ती शेवटी म्हणाली. एकोणतीस वर्षांत कुठल्याही पोराला तिनं उत्तरासाठी थांबवलेलं मी ऐकलं नव्हतं.