आधी जमिनीवर चालायचं

बेंबळीच्या फोटोमामांनी विमानात चढण्याआधी माझे खिसे रिकामे करायला लावले. स्वतःचेही केले. सुपारी, अडकित्ता, किल्ल्या, सगळं एका पितळी डब्यात. "इमानाचं दार काढलेलं हाय. सुटं काय उडालं तर थेट शेपटीला लागतं." मग माझ्या पिशवीकडं बोट. "ती पत्रकं बी ठेव, पोरी. वरनं उधळायचा इचार असंल तुझा." विचार होताच. गठ्ठा मुकाट्यानं दिला.

मी पत्रकांवर वाढले. वडील चळवळीची पत्रकं लिहायचे, मी घड्या घालायचे. विमान हे मूठभरांचं वाहन, हे माझं मत तेव्हाही पक्कं होतं, आजही आहे. छोट्या प्रवासी विमानांच्या एका कंपनीनं जाहिरात-पुस्तिकेचा मजकूर लिहायचं काम मला दिलं आणि फोटोंचं मामांना, तेव्हा ते मत मी मामांना ऐकवलं. ते हसले. "असू दे की. पण नवरदेव आवडत न्हाय म्हणून फोटोत त्याचं डोकं कापतो का आपण?"

लग्नांवरच त्यांचा हात बसला होता. पुढं धाराशिवजवळच्या धावपट्टीवर शिकाऊ वैमानिकांचे फोटो काढता काढता ते एका विमानात बसून दुसऱ्याचे फोटो काढू लागले. शटर जलद ठेवलं की फिरता पंखा फोटोत थांबलेला दिसतो. तसा फोटो मामा पुसून टाकत. "पंखा थांबला म्हंजी इमान पडाया लागलं. खोटं कशाला दावायचं?" शटर संथ ठेवलं की हात जरा हलला तरी सगळं पुसट. शंभरात चार नीट यायचे, आणि त्या चारांवर माणूस लई खूश.

त्यांचा एक नियम मात्र मोडत नसे. उडण्याआधी दोन्ही वैमानिकांनी हात पसरून धावपट्टीच्या कडेनं विमानांसारखं चालायचं. कोण पुढं, कोण खाली, दुसरा दिसेनासा झाला तर कुणी कुठं वळायचं, सगळं पायांनी पाठ करायचं.

त्या उड्डाणाच्या आदल्या संध्याकाळी पुस्तिकेच्या फोटोत परंड्याचा किल्ला हवा होता. मामांचं लहानपण त्या तटाखाली गेलेलं. खाली किल्ला, वर विमान, उतरतं ऊन, हा फोटो त्यांनी कित्येक वर्षं मनात धरला होता. ज्याचा फोटो काढायचा ते कंपनीचं नऊ आसनांचं विमान दुसऱ्या सकाळी पुण्याला परतणार होतं. त्याचा कॅप्टन म्हणाला, "मामा, हात पसरून चालायला मी बालवाडीत आहे का?"

मामांनी कॅमेऱ्याची बॅग बंद केली. "मग आज फोटो न्हाय."

मी उसळले, कॅप्टनला माजोरी म्हणाले, आणखीही बरंच. "गप, बाई," मामा म्हणाले. "भाषणानं ऊन थांबत न्हाय." ते खाली बसले. आमच्यासमोर ऊन गेलं.

जेवताना आमच्या विमानाच्या वैमानिकानं सहज विचारलं, "कॅप्टन, मी दिसेनासा झालो असतो तर तुम्ही कुठं वळला असता?"

"उजवीकडं."

"मीही उजवीकडंच. आणि मी तुमच्या डाव्या अंगाला असणार होतो."

म्हणजे आमचं विमान थेट त्यांच्याच बाजूला वळलं असतं.

सकाळी चहाच्या आधी कॅप्टन हात पसरून उभे. "कुठून चालू, मामा?"

"ह्या दगडापासनं, साहेब. आन् पुण्याला फोन करा, जरा उशीर हुईल म्हणावं."

उतरत्या उन्हाऐवजी चढतं ऊन मिळालं. तो फोटो आज माझ्या टेबलावर आहे. पंख्याचं धूसर चक्र, विमानाचं सोनेरी पोट, आणि खाली तटावर चरणाऱ्या चार शेळ्या.

खाली उतरल्यावर मामांनी गठ्ठा परत दिला. वरचं पत्रक त्यांनी उभ्या उभ्या वाचलं. एका गावच्या बंद शाळेवर होतं.

"ह्या गावाला गेलतीस?"

"नाही."

"मग आधी चालून ये की."

गेले. शाळा बंदच होती, पण मी लिहिलेलं कारण चुकीचं होतं. पत्रक नव्यानं लिहिलं. ते पहिल्यापेक्षा जास्त झोंबणारं झालं.

आता गुडघ्यांमुळं मामा उडत नाहीत. बेंबळीच्या दुकानात पासपोर्ट फोटो काढतात, तेही मन लावून. नवं पत्रक झालं की मी फोनवर वाचून दाखवते. ते शेवटपर्यंत ऐकतात, वाहवा करत नाहीत. अडकित्त्याचा आवाज येतो, आणि मग एकच प्रश्न.

"चालून आलीस?"