पाय धुवायचं पाणी

मुखरू तुरुंगातून सुटून ब्रह्मपुरीकडच्या आपल्या गावी आला, तेव्हा बायकोने, सोनीबाईने, दारातच पाण्याचा गडवा ठेवला. पाय धुवायला. तिकडे पाहुणा आला की असा गडवा येतो. घरचा माणूस मुकाट्याने रांजणाकडे जातो. भोळा मुखरू मात्र हरखून गेला. आपल्याला केवढा मान!

कित्येक वर्षांपूर्वी शेतात पाणी वळवण्यावरून भांडण झालं, रागाच्या भरात त्याने काठी घातली आणि शेजारचा माणूस जिवानिशी गेला. गुन्हा त्याने कधी नाकारला नाही. तेव्हा रांगणारी त्याची मुलगी पुनम आता कॉलेजात जात होती. तिने एकदा 'बा' म्हणावं, एवढंच त्याला हवं होतं. ती 'तुम्ही जेवता का?' असं विचारायची आणि ताट वाढून आत निघून जायची.

गावात कोणी त्याला कामाला बोलावत नव्हतं. अशात रीता नावाची एक मुलगी आली. सुटून आलेल्यांना गावात पुन्हा पाय रोवताना काय काय आडवं येतं, ते तिची संस्था विचारत हिंडत होती. विचारणारेही तुरुंग भोगलेलेच हवे होते, म्हणजे समोरचा मोकळं बोलेल. मुखरू तिच्याबरोबर गावोगाव जाऊ लागला. 'घरच्यांनी घेतलं का?' हा प्रश्न तो मोठ्या तोऱ्यात विचारायचा. आपल्या घरी तर गडवा मिळतो!

एके दिवशी दोघं निकेशकडे गेले. हाही सुटून आलेला. निकेश रानातून बैल घेऊन आला आणि ओट्यावर बसून म्हणाला, "माय, पाणी दे वं."

"हात मोडले का तुये?" त्याची आई नीलाबाई आतूनच कडाडली. "रांजण कुठी आहे मालूम नाई? घे आपल्या हातानं, अन् या पाहुण्यायलेही दे!"

निकेश हसत उठला. सुटून आल्यापासून मुखरूवर त्याच्या घरात कोणीच ओरडलं नव्हतं.

"भाऊ, विचारा ना," रीता म्हणाली.

त्याला तो घरच्यांचा प्रश्न विचारवला नाही. रीतानेच विचारला.

संध्याकाळी घरी आला तेव्हा गडवा दारात ठेवलेलाच होता. आज तो त्याला ओलांडून सरळ आत गेला. रांजणाचं झाकण काढलं आणि पेल्यासाठी कोनाड्यात हात घातला. पूर्वी पेला तिथेच असायचा. आता तिथे पुनमचा आरसा आणि कंगवा होता. आरसा खाली पडता पडता राहिला.

पुनम लगबगीने उठली. कुठल्याशा फळीवरून पेला काढला, भरला आणि दोन्ही हातांनी त्याच्यापुढे धरला.

"पाणी मांगाचं ना," ती मायेनेच म्हणाली. "तुमाले काय मालूम, इथी कुठी काय ठेवलं आहे."

सोनीबाई चुलीपाशी मान खाली घालून बसली होती. पोरीचं काहीच चुकलं नव्हतं, आणि त्याचंच मुखरूला फार वाईट वाटलं. पाणी त्याने पिऊन टाकलं. मग तो बाहेर गेला, गडवा उचलला आणि बराच वेळ पाय धूत राहिला.

"येऊ का आत?" त्याने दारातून विचारलं.

"या ना," पुनम म्हणाली.