रघ्याच्या गाडीचे ब्रेक

विनोद चिडला की बोलायचा कमी आणि जीपचं दार आपटायचा जास्त. दोन हजार सतराच्या चैत्रात तलासरीच्या स्टँडवर ते दार सकाळपासून वाजत होतं. विवळवेढ्याला महालक्ष्मीची जत्रा भरलेली, माणसांची ही गर्दी, आणि विनोदची जीप रिकामी. शेजारून नविनची जीप मात्र भरभरून निघत होती, मागच्या पायरीवर तिघं लोंबकळत. नविनचा ब्रेक तीनदा दाबल्याशिवाय लागत नाही, हे त्या तिघांनाही ठाऊक होतं.

आदल्या पावसाळ्यापर्यंत विनोदची गाडीही तशीच होती. जुनं मॉडेल, चारी चाकांना ड्रमचे ब्रेक. ड्रममध्ये पाणी शिरलं की ब्रेक आहे काय आणि नाही काय, सारखंच. एकदा उतारावर पेडल दाबलं ते थेट खाली टेकलं, आणि गाडी थांबली ती भाताच्या बांधावर चढून. कोणाला खरचटलंही नाही. चिखलातून उतरता उतरता बाया हसायला लागल्या, विन्याने शेत नांगरलं म्हणाल्या. विनोदला हसू आलं नाही. मरता मरता वाचलेली माणसं हसतात कशी, याचाच त्याला राग आला.

तो राग घेऊन तो आशागडला मनिषच्या गॅरेजात गेला. मनिषने गाडीखाली शिरून पाहिलं. नव्या मॉडेलच्या जीपचे पुढचे डिस्क हिला बसतील, म्हणाला, पण चाकामागचं सगळं सामानही त्याच गाडीचं लागेल. आणि डिस्कला जोर जास्त लागतो, नुसत्या पायाने भागायचं नाही, तेव्हा बूस्टर एखाद्या पिकअपचा काढू. पिकअपचा बूस्टर मिळाला. डिस्क मिळाले ते भंगारात पडलेल्या रघ्याच्या जीपचे.

रघ्या याच स्टँडवरचा ड्रायव्हर. दोन वर्षांमागे हायवेवर, अंधारात, उभ्या कंटेनरच्या खाली त्याची जीप घुसली. छप्पर चेपलं, रघ्या जागीच गेला. पुढची चाकं तेवढी शाबूत राहिली.

ब्रेक असे लागले की पहिल्याच चाचणीत मनिषचं कपाळ काचेवर आपटलं आणि तो कपाळ चोळत खूश झाला. विनोद इतका फुगला की दुसऱ्या दिवशी स्टँडवर ज्याला त्याला धरून सांगत सुटला, कुठल्या गाडीचं काय बसवलं ते. तिथेच चुकलं. संध्याकाळपर्यंत पाड्यापाड्यांत झालं, की रघ्याचा जीव त्या चाकांत आहे, ती चाकं रघ्या मेला ती जागा शोधत जाणार. म्हातारी बुधी समजुतीने म्हणाली, भगताला बोलाव, कोंबडी दे, मग आम्ही बसू. कोंबडी द्यायला चार मिनिटं लागली नसती. पण विनोद अडून बसला. मी कोणाचं काय वाकडं केलं म्हणून देऊ?

तर त्या सकाळी नविन खिडकीतून डोकं काढून म्हणाला, "बसा रे बसा. आपला ब्रेक ढिला आहे, पण जित्या माणसाचा आहे."

सगळं स्टँड हसलं. आणि विनोदचा आवाज, जो कधी चढत नसे, तो चढला.

"ब्रेकला नावं ठेवू नका. रघ्याचे ब्रेक चांगलेच होते. ब्रेकने नाही मारलं त्याला."

हसू एकदम थांबलं. ते त्याच्या बोलण्यामुळे नव्हे, हे विनोदला वळून पाहिल्यावर कळलं. मागे रखमी उभी होती, रघ्याची बायको, डोक्यावर सुक्या बोंबलांची पाटी.

रघ्या गेल्यापासून लोक दोनच गोष्टी बोलत आले होते. कोणी म्हणे ब्रेक फेल झाला, कोणी म्हणे ताडी जास्त झाली. रखमीने पहिली धरून ठेवली होती. तीच आता विनोदने भर स्टँडवर हिसकावून घेतली.

"मग कोणी मारलं?" ती म्हणाली. "त्याचं त्यानेच?"

रखमीने पाटी विनोदच्या जीपच्या पुढच्या सीटखाली सरकवली आणि चढून बसली.

"चल. दाखव मला."

हायवेला लागल्यावर गाडीने वेग घेतला. रखमी समोर बघत होती. अचानक म्हणाली, "आता दाब." विनोदने आरशात पाहिलं, मागे कोणी नव्हतं, आणि पाय दाबला. जीप सरळ रेषेत, जागच्या जागी थांबली. पाटी कलंडून बोंबील तिच्या पायांवर सांडले. तिने ते गोळा केले नाहीत.

"त्याची पण अशीच थांबायची?"

"अशीच, वहिनी."

"मग तेव्हा का नाही थांबली?"

"समोरचं दिसलं तर ड्रायव्हर दाबणार ना. कंटेनरला मागे एक लाइट नव्हता. चमकणारी पट्टीसुद्धा नव्हती. सकाळी गाडी ओढून काढायला मीच होतो, डोळ्यांनी बघितलंय. स्टँडवर तेव्हाच बोललो होतो सगळ्यांना."

रखमी त्याच्याकडे वळली. "सगळ्यांना बोललास. माझ्या दारात कोणी आलं नाही सांगायला. ताडीचं सांगायला बरे आले, चारचार जण."

विनोद मान खाली घालून गियर टाकू लागला. तिने त्याचा हात धरला आणि पुढे बोट दाखवलं. थोड्याच अंतरावर, धाब्यासमोर, एक कंटेनर उभा होता, अर्धा रस्त्यावर. मागचं लोखंड गंजलेलं. लाइटच्या जागी नुसत्या वायरी.

रखमी उतरली. भर उन्हात चालत गेली आणि चपलेने केबिनचं दार बडवू लागली. बऱ्याच वेळाने वरून एक झोपाळू तोंड डोकावलं, क्या हुआ बाई म्हणालं.

"गाडी काढ इथून."

तो म्हणाला, जेवण झालं की निघतो. तोंड आत गेलं. रखमी पुन्हा बडवू लागली, आता दोन्ही हातांनी.

विनोदने जीप पुढे घेतली, कंटेनरच्या पाठीमागे नेऊन उभी केली, चारी इंडिकेटर चालू केले. मग तो उतरून दुसऱ्या बाजूचं दार बडवायला गेला.