आजोबांचा आवाज कोणी पुसला

मुक्ता, ओजस,

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. तुमच्या बाबाला नाही, माझ्या सख्ख्या बहिणीला नाही. देवापुढे हात जोडतानासुद्धा नाही — तिथं मी डोळे मिटते आणि दुसरंच काहीतरी मागून उठते.

इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला वाचायला सोपं गेलं असतं. मलाही लपायला सोपं गेलं असतं. तीस वर्षं नगरच्या शाळेत इंग्रजी शिकवलं. कर्ता गाळून वाक्य कसं करायचं हे माझ्याइतकं कोणाला माहीत? म्हणून मराठीत लिहिते आहे. हळूहळू वाचा. बाबाकडून वाचून घेऊ नका.

मी शिस्तीची बाई आहे, हे तुम्हाला माहीत आहे. तुम्ही इथं आलात की चपला जोडीनं ठेवता, टॉवेल वाळत घालता. आमच्या घरात एक नियम होता — आठवडाभर जे जागेवर ठेवलं गेलं नाही, ते शनिवारी जाणार. कोणाचं आहे, कशाला हवं आहे, विचारायचं नाही. तुमच्या बाबाचा पतंग गेला, गोट्या गेल्या. आजोबांची एक चांगली टोपी गेली. ते हसले आणि म्हणाले, "आमच्या बाई घरीबी शाळा भरवत्यात." मला ते बाईच म्हणायचे. लग्नाआधीपासून मी शिक्षिका, आणि ते नागापूरच्या एमआयडीसीत मशीनवर. दिवसभर यंत्रांच्या आवाजावर ओरडून बोलायची सवय, त्यामुळे घरात साधं "चहा दे" म्हटलं तरी शेजारच्यांना कळायचं.

तो आवाज गेला. घशाचा कॅन्सर निघाला आणि स्वरयंत्र काढून टाकावं लागलं. एवढं तुम्हाला ठाऊक आहे. ऑपरेशनच्या आधी त्यांनी तुमच्यासाठी काहीतरी बोलून ठेवलं होतं आणि ते गेलं, हेही ठाऊक आहे. कसं गेलं, ते तुम्हाला जे सांगितलंय —

थांबा. क्रमानं सांगते.

ऑपरेशनला अकरा दिवस होते. रोज दुपारी तीन वाजता ते कॉम्प्युटरच्या खोलीत जायचे, दार लोटून घ्यायचे आणि माइक लावून बोलायचे. मुक्ता तेव्हा आठ वर्षांची, मेलबर्नला. ओजस, तू जन्मला नव्हतास. पण ते म्हणायचे, अजून एक येईल, त्याच्यासाठीबी. त्या फोल्डरला त्यांनी स्वतः नाव दिलं — "पोरांसाठी". ती अक्षरं शोधून दाबायला त्यांना अर्धा तास लागला. मदत करते म्हटलं तर नको म्हणाले.

काय बोलले त्यात? ओजस, तू मला हे दोनदा विचारलंस. मी म्हटलं, गोष्टी होत्या, लहानपणच्या. खरं उत्तर असं की मला माहीत नाही. मी एकही ऐकली नाही. पहिल्या दिवशी दाराबाहेर मेथी निवडत बसले होते, तेव्हा एवढंच कानावर आलं — "तर प्रवरेला पानी आलं का आमी कोल्हारच्या पुलावर पळत जायचो..." आणि मी दार उघडलं. म्हटलं, अहो, पाणी म्हणा, आम्ही म्हणा, मुलं परदेशात ऐकणार आहेत. त्यांनी माइक बाजूला केला. मग म्हणाले, "बाई, त्यांना माझा आवाज ऐकवायचाय. परीक्षा न्हाई द्यायची." आणि त्यांनी दार लावलं. मला राग आला. नंतरचे दहा दिवस मी त्या दाराजवळ फिरकले नाही. दहा दिवस! त्यांच्या आवाजाचे शेवटचे दहा दिवस — आणि मी स्वयंपाकघरात डबे घासत होते.

आता कॉम्प्युटरचं सांगते. त्याच्या पोटात दोन कप्पे होते, सी आणि डी. सी मध्ये कॉम्प्युटर चालवणारी सिस्टीम, डी मध्ये आपलं सामान. नवी सिस्टीम टाकायची म्हणजे सी पूर्ण पुसायचा — फॉरमॅट करायचा — आणि डी ला हात लावायचा नाही. शाळेत शिक्षकांसाठी वर्ग झाला होता, तिथं मी हे वहीत लिहून घेतलं होतं. त्याच पानावर खाली तांबड्या शाईत होतं: पडद्यावर समोर जे दिसतं, तेही सी मध्येच असतं. तांबड्या शाईत, मुलांनो. तेव्हा मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

माझं सगळं डी मध्ये, नावं घालून. आजोबांचं सगळं समोर पडद्यावर. चष्मा दारातल्या स्टुलावर ठेवायचे तसंच. भजनं, शेळ्यांचे फोटो, कोणाच्या तरी ट्रॅक्टरचा फोटो आणि "पोरांसाठी". तीन वेळा सांगितलं, आत नेऊन ठेवा. ऑपरेशननंतर बोलता येत नव्हतं, तेव्हा ते पाटीवर लिहायचे. साधी, मुलांची दगडी पाटी. वही त्यांनी नाकारली होती. पाटीवर लिहिलं, "समोर दिसलं म्हंजे बरं वाटतं."

ऑपरेशननंतरच्या डिसेंबरात तुम्ही आला होतात, मुक्ता. बाबा ते फोल्डर बरोबर घेऊन जाणार होता. कॉम्प्युटर हळू चालायचा, त्याची विंडोज जुनी झाली होती. मी ठरवलं, नवी टाकायची. आपली आपण. मुलगा ऑस्ट्रेलियातून येतो आणि बघतो तर काय, साठीच्या आईनं कोणाला न बोलावता नवी विंडोज टाकलीय — एवढ्या कौतुकासाठी. बाबा आणि तुझी आई राहात्याला नातेवाइकांकडे गेले होते. तू सकाळी तासभर चित्रं काढलीस कॉम्प्युटरवर. मग शेजारच्या अंगणात बोरं वेचायला गेलीस. मी विंडोजची सीडी घातली. आजोबा माझ्या मागे वेताच्या खुर्चीत, मांडीवर पाटी.

मी प्रत्येक सूचना मोठ्यानं वाचत होते, आधी इंग्रजीत, मग मराठीत. शाळेची सवय. वाचलं — सी मधलं सगळं पुसलं जाईल, परत आणता येणार नाही, पुढे जायचं का?

तेव्हा मागून टकटक झाली. पेन्सिलीनं पाटीच्या लाकडावर, दोनदा. आमच्यात ठरलेलंच होतं — दोनदा म्हणजे इकडे बघ.

मी मान न वळवता म्हटलं, "थांबा हो, एक मिनिट." आणि बटण दाबलं.

मग वळले. पाटीवर होतं: "बाई थांबा. पोरांचं समोर हाय." आणि सांगते, तुमच्यापासून काय लपवायचं — माझी पहिली नजर गेली ती 'हाय' वर.

अकरा वर्षं मी स्वतःला सांगत आले की मी घाईत होते, विसरले. खरं वेगळं आहे. टकटक झाली आणि त्याच क्षणी मला कळलं की ते का बोलावताहेत. सगळं नाही कळलं, पण पुरेसं कळलं. आणि माझ्या मनात आलं — तीन वेळा सांगितलं होतं. जागेवर ठेवलं नाही, तर जाऊ दे. एकदा गेलं की शिकतील. टोपीसारखं. पतंगासारखं. त्या ढिगाऱ्यात "पोरांसाठी" आहे, हे त्या अर्ध्या श्वासात मला आठवलं होतं की नव्हतं? इतक्या वर्षांत हा प्रश्न मी हजारदा विचारला आहे. आठवलं नव्हतं, असं छातीवर हात ठेवून एकदाही म्हणता आलेलं नाही.

संध्याकाळी बाबा आला आणि कॉम्प्युटरपुढच्या खुर्चीत बसला. "आई, अण्णांचं फोल्डर कुठं गेलं?"

माझ्या तोंडून काय यायला हवं होतं? चार शब्द. मी पुसलं, चुकले मी. त्याऐवजी मी म्हटलं, "सकाळी मुक्ता बसली होती खेळायला. काय दाबलं कोण जाणे, नंतर चालूच होईना. मग मला नवीन विंडोज टाकावी लागली."

इतकं सरळ, इतकं व्यवस्थित वाक्य. कुठं अडखळले नाही मी.

बाबा म्हणाला, "मुक्ता, काय केलंस तू?"

तू दारात उभी होतीस, फ्रॉकच्या ओच्यात बोरं. म्हणालीस, "मी फक्त बदक काढलं."

बाबा रागावला नाही. नुसता भिंतीकडे तोंड करून बसला. ते रागावण्याहून वाईट. तुझा ओचा सुटला आणि बोरं घरभर घरंगळली, आणि मी — मी ती गोळा करायला वाकले. घर स्वच्छ हवं ना माझं.

मागे पुन्हा टकटक झाली. दोनदा.

रात्रीच्या जेवणाआधी त्यांनी मला पाटी दाखवली. "पोरीला सांगा." मी ओल्या फडक्यानं ती पुसली. त्यांच्या डोळ्यांदेखत, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. त्यांनी पुन्हा तेच लिहिलं. मी पुन्हा पुसली. तिसऱ्यांदा त्यांनी लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी तू त्यांच्या गुडघ्याशी बसून त्याच पाटीवर 'सॉरी आजोबा' लिहिलंस. त्यांनी त्याखाली एक बदक काढलं. मी दारातून बघत होते. आत आले नाही. नंतर ते चौदा महिने होते आणि त्यांनी पाटीवर तो विषय कधी काढला नाही. मला क्षमा केली होती, की माझ्याकडून काही होणार नाही हे ओळखलं होतं? मी विचारलं नाही. विचारायची हिंमत कुठून आणू?

तुम्ही गेल्यावर तो कॉम्प्युटर घेऊन मी नगरमधल्या तीन दुकानांत गेले, मग पुण्याला. सगळीकडे एकच — बाई, वर नवीन लिहिलं गेलंय, आता निघायचं नाही. मी काउंटरसमोर उभी राहून रडले. त्या माणसानं मला बसायला स्टूल दिलं. मग मी आजोबांच्या कारखान्यातल्या जुन्या लोकांना फोन केले, कोणाकडे त्यांचा आवाज आहे का? भाचीच्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट राहात्याहून मागवली, दोन दिवस बसून पाहिली. पंगतीवरून कॅमेरा जातो, तिथं ते पाठमोरे बसलेत आणि म्हणतात, "ए, हिकडं भात आला न्हाई." संपलं. एवढंच उरलं आहे. ते मी चार ठिकाणी जपून ठेवलंय. या पत्राबरोबर पाठवते आहे. ओजस, हा तुझ्या आजोबांचा आवाज. भात मागणारा.

आणि आपल्या घरात त्याचा विनोद झाला. मिक्सर बिघडला, "मुक्तानं हात लावला का?" टीव्ही बंद पडला, "ताई आली होती का?" दर वर्षी, दर सुट्टीत. सगळे हसतात. तूही हसतेस. मीसुद्धा हसले आहे, मुक्ता. मी.

मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर मी म्हटलं, माझ्या लॅपटॉपवर पुन्हा सूचना येतेय, सिस्टीम जुनी झाली, नवी घ्या. तू तिथून करून दे ना. तू टेबलावरचे हात खाली घेतलेस. एकोणीस वर्षांची मुलगी, आणि हात मांडीवर लपवलेस. म्हणालीस, "मी नको आजी. माझा हात लागला की..." ओजस मागून ओरडला, "आजी, ताईला देऊ नको, ती सगळं उडवते." मग तो खेळायला गेला आणि तू हळूच विचारलंस, "आजी, आजोबा शेवटी माझ्यावर रागावले होते का गं?"

मी म्हटलं, वेडी आहेस का, आणि कुकरची शिट्टी झाली असं सांगून फोन ठेवला. कुकर फडताळात होता. गॅस बंद होता.

त्याला चार दिवस झाले. हे सांगायला एवढा उशीर — अकरा वर्षं — आणि तेसुद्धा समोर नाही, कागदावर. कागदावर मला तुझा चेहरा दिसत नाही, म्हणूनच लिहिते आहे, हेही खरं.

तर मुक्ता, तू त्या सकाळी बदक काढलंस, कॉम्प्युटर नीट बंद केलास आणि खुर्ची आत सरकवून बाहेर गेलीस. मी पाहिलं होतं. तू गेल्यावर मी तो चालू केला तेव्हा तो चांगला चालला. ते बदकही समोरच होतं, "पोरांसाठी"च्या शेजारी. तेही मीच पुसलं.

त्यांची टकटक मला ऐकू आली होती. दोन्ही वेळा.

आजी