नापास व्हायचं ते घरी

घणमामांच्या हातात कोणतीही नवी वस्तू दिली की ते ती आधी खाली टाकत. रागाने नव्हे, अगदी शांतपणे, कमरेच्या उंचीवरून. डबा, छत्री, ट्रान्झिस्टर, काहीही. होणाऱ्या जावयाने आणलेलं गजराचं घड्याळ त्यांनी पाहुण्यांदेखत ओटीवर सोडलं आणि ते चालूच राहिलं, तेव्हा कुठे मुलगा पसंत केला, असं सगळी वसई सांगे. मामी मात्र म्हणत, मुलगा आधीच पसंत होता, घड्याळाचंच काय ते बघायचं होतं.

मामा आमच्या कारखान्याचे फोरमन. घरचे बागायतदार, केळी आणि पानवेलीचे. पण त्यांचा जीव लोखंडात. ऐंशी सालच्या आसपास मी तिथे वायरिंगला लागले. आम्ही अकरा जण नौदलाच्या जहाजांसाठी पंपाच्या स्टार्टरच्या पेट्या बनवायचो. जहाजाजवळ पाण्याखाली सुरुंग फुटला की जहाज एक वेळ तगतं, पण आतल्या पेट्या हादरून बंद पडतात आणि पंप थांबतात. म्हणून पेटीच्या प्रत्येक नव्या नमुन्याला धक्क्याची परीक्षा असे. पेटी पोलादी पाटावर आवळायची, आतला दिवा लावायचा आणि वरून, मागून, बाजूने भला थोरला घण हाणायचा. दिवा गेला की नापास.

ही परीक्षा घेणारी सरकारी प्रयोगशाळा दूरच्या शहरात होती. महिनोन्महिने नंबर लागत नसे. फी जबर, ट्रक वेगळा, माणसांचं राहणं-खाणं वेगळं. आमची पेटी पहिल्याच घावाला विझली, का विझली ते तिथे कोणी सांगेना आणि पुन्हा हात लावायचा तर पुन्हा फी. शेठ म्हणाले, अजून एकदा बघू, नाहीतर जहाजाचं काम बंद. म्हणजे आम्ही अकराही जण घरी.

सगळे खाली मान घालून उभे होते. मामा एकटे ताठ. म्हणाले, "शेठ, तिथं फक्त पास व्हायला जायचं. नापास व्हायचं ते इथं, घरी, फुकट."

मग मामांनी स्वतःचा घण उभा केला. कारखान्यामागे त्यांचीच वाडी होती, तिथे भंगारातल्या रुळांची चौकट, भंगारातलंच वजन आणि ते वर ओढायला विहिरीवरची कप्पी. तपासणीला आलेले एक साहेब हसून म्हणाले, "फोरमन, याने पाणी काढता की जहाजं तपासता?" मामा म्हणाले, "साहेब, आधी खाली उभे राहून बघा, मग हसा." साहेब उभे राहिले नाहीत. घणमामा हे नाव त्या दिवसापासूनचं.

पेटीने वीस घाव खाल्ले, दिवा ढळला नाही. शेठनी पेढे मागवले, ट्रक ठरवला. मामा चौकटीला तेल द्यायला वाकले आणि तसेच वाकलेले राहिले. चौकटीचे पाय वीतभर जमिनीत गेले होते. पिढ्यान् पिढ्या खणलेली, रोज पाणी प्यायलेली भुसभुशीत माती! बागायतदाराला त्याहून चांगली जमीन ठाऊक नसते, म्हणून त्यांनी घणालाही तीच जागा दिली होती. प्रत्येक घाव निम्मा तिनेच गिळला होता.

"पेटी नाय पास झाली," मामा उठत म्हणाले. "माती पास झाली. चूक माझी हाय."

शेठ हळूच म्हणाले, "कुणाला कळणार आहे? ट्रक दारात आहे. कदाचित होईलही पास."

"कदाचित पास झालेली पेटी जहाजावर लावायची? आत मानसं असतात, शेठ. ट्रक आलाय ना, मग तो कामणला न्या."

कामणला डोंगराच्या पायथ्याशी मामांच्या मित्राची जागा होती, खाली नुसता काळा कातळ. त्यात भोकं पाडून चौकट रोवली. शेठ आठवडाभर मामांशी बोलले नाहीत. मामांनीही आठवडाभर त्याची दखल घेतली नाही.

कातळावरच्या पहिल्याच घावाला दिवा गेला. दोन स्क्रू उडाले आणि माझ्या वायरी टोकांशी तटातट तुटल्या. माझं वायरिंग म्हणजे माझा तोरा होता. एकही वायर सैल नाही, पट्टीने आखल्यासारखी ताणलेली. मामांनी तुटलेलं टोक माझ्या तळहातावर ठेवलं. "बाय, दिसायला झकास हाय. पण हिला हलायला जागाच नाय ठेवलीस. धक्का बसला की हलनारा वाचतो." मला रडू आलं, आणि रागही. दुसऱ्या दिवशी मी सगळ्या वायरी उपसल्या आणि प्रत्येक टोकाला वळसा देऊन पुन्हा बांधल्या.

पुढे तीन आठवडे आम्ही रोज काहीतरी मोडलं आणि रोज ते सुधारलं. प्रयोगशाळेत जायची वेळ आली तेव्हा माझी आई मला पाठवेना. मामा घरी येऊन म्हणाले, "वहिनी, वायरी तिच्या हायेत. तुटल्या तर तिच्यासमोर तुटू देत." मामी सोबत येणार म्हटल्यावर आईने पाठवलं.

तिथे ठरलेले सगळे घाव झाले. दिवा जळत होता. अधिकारी सही करायला वळले, तर मामा म्हणाले, "आनखी एक मारा."

"नियमाप्रमाणे झालं, फोरमन. पास आहात."

"नियम तुमचा संपला. पेटी कुठं संपलीय? मारा."

अधिकाऱ्यांनी मामांकडे पाहिलं, मग घणवाल्याला खूण केली. घाव बसला. दिवा जळतच होता. आयुष्यात इतका अभिमान मला पुन्हा कधी वाटला नाही.

त्यानंतर आमचा एकही नमुना तिथे दुसऱ्यांदा न्यावा लागला नाही. तरी तयार झालेली प्रत्येक पेटी मामा आधी कामणच्या घणाखाली घालत. मामा निवृत्त झाले आणि दोनच पावसाळ्यांनी गेले. तोवर पेट्यांवर तपासणीची सही माझी होऊ लागली होती. मामांना जाऊन महिनाही झाला नव्हता, तेव्हा नवे मॅनेजर म्हणाले, "बाई, कामणचा तो सांगाडा भंगारात काढू. आपल्याकडे प्रमाणपत्र आहे. प्रत्येक पेटी तिथे न्यायची असं कुठल्या नियमात लिहिलंय?"

मी म्हटलं, "कुठल्याच नाही."

आणि तयार पेटी ट्रकमध्ये चढवायला सांगितली. ड्रायव्हरने विचारलं, कुठे? मी मॅनेजरांकडे पाहत म्हटलं, "कामणला."