कारणाचा रकाना

नंदा ओव्हाळ काय काम करते हे कळलं की लोक आधी हसत आणि मग तिच्यापासून जरा लांब सरकून बसत. शनिवार पेठेतल्या एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर बसून ती माणसं कशी मारली गेली हे संगणकात भरायची. परदेशातल्या कुठल्याशा विद्यापीठाने जगभरातल्या हत्याकांडांची नोंद करायला घेतली होती आणि त्यातलं महाराष्ट्राचं काम या कचेरीला मिळालं होतं. जुने अहवाल वाचायचे, गाव, साल, मेलेल्यांची संख्या भरायची आणि शेवटच्या रकान्यात कारण निवडायचं. धर्म, जमीन, राजकारण, इतर. निवडायचं एकच.

ही दोन हजार चार सालची गोष्ट. पहिल्या महिन्यात नंदाला जेवण जायचं नाही. तिसऱ्या महिन्यात ती डबा खाता खाता प्रेतं मोजू लागली.

कामाचे प्रमुख अनिरुद्ध सर. परदेशात शिकून आलेले, देवाचं नाव काढलं की नाक मुरडणारे. "देव नावाची भानगड माणसाला सुचली नसती, तर आज इथे आपल्याला काम नसतं," ते म्हणायचे. "तेव्हा कृतज्ञ राहा."

जुलैत नवा गठ्ठा आला. त्याच्या यादीत नंदाने आपल्या गावाचं नाव वाचलं. मराठवाड्यातलं गाव, साल शहात्तर. त्या साली तिचे वडील, रतन, गावातल्या मारामारीत गेले, एवढंच तिला ठाऊक होतं. ती तेव्हा अडीच वर्षांची. पुढचं विचारलं की माय पाठ फिरवायची. नंदाने तो गठ्ठा मागून घेतला.

पाच बौद्ध पुरुषांना हातपाय बांधून कडब्याच्या गंजीत टाकलं होतं आणि गंज पेटवली होती. दुसरं नाव रतनचं. पुढे साक्षी होत्या. साक्षीदार क्रमांक चार, तुळजाबाई रतन ओव्हाळ. 'माझ्या नवऱ्याने दारूच्या नशेत देवीच्या पालखीला हात लावला. गावाच्या श्रद्धेला धक्का बसला. लोकांच्या डोक्यात राग गेला. कोणी ठरवून काही केले नाही.' खाली अंगठा. याच साक्षीवर खुनाचं कलम उडालं होतं. अकरा जणांना दोन-दोन वर्षं झाली आणि बाकीचे सुटले.

संध्याकाळी नंदा दांडेकर पुलाजवळच्या वस्तीतल्या आपल्या खोलीवर आली. वीस वर्षं मार्केट यार्डात कांदा निवडून गुडघे गेलेली तुळजाबाई भिंतीला टेकून बसली होती.

"माय, बाप दारू प्यायचा?"

म्हातारीने वर पाहिलं. "कुणी सांगितलं?"

"तूच. शपथेवर."

तुळजाबाईने दुखरे पाय हाताने जवळ ओढले. मग म्हणाली, "थेंब शिवला न्हाई त्यानं कधी. गायरान नांगरलं व्हतं आपल्या पाच घरांनी. ते मच्छिंद्र पाटलाला पायजे व्हतं. पालखी चार दिस आधीच झाली व्हती. तिचं निमित्त मागनं काढलं."

"मग खोटं का सांगितलंस?"

"साक्षीच्या आदल्या दिशी विहिरीवर नेलं मला. तुझा एक पाय धरून तुला आत लोंबत ठिवलं. पाटलानं एकेक वाक्य सांगायचं, म्या म्हणायचं. चुकलं की तुला वीतभर खाली सोडायचे."

नंदाला त्यातलं काहीच आठवत नव्हतं. "पाय कुणी धरला होता?"

"पाटलाच्या गड्यानं, ज्ञानदेवानं. गळ्यात माळ व्हती त्याच्या. देवाचं नाव घेत व्हता तोंडानं."

"म्हणजे देवासाठीच..."

"पाटील कुठं देव मानत व्हता? नवसाचं बोकडसुदीक दुसऱ्याचं चोरून न्यायचा. ज्ञानदेव मात्र मानायचा. त्याचा हात हालला न्हाई एवढं खरं. हालला असता तर तू गेली असतीस." तिने पदराने तोंड पुसलं. "आन् आपल्याच चार बाया माझ्या तोंडावर थुंकल्या. म्हन्ल्या, एका पोरीपायी पाच मडी इकलीस. त्यांनीच वस्तीतून हाकललं आपल्याला. पाटलानं न्हाई."

दुसऱ्या दिवशी नंदाने अनिरुद्ध सरांना सगळं सांगितलं आणि कारण 'जमीन' भरू द्या म्हणाली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"वाईट झालं," ते म्हणाले. "पण आपण कागद नोंदवतो, घरच्या गप्पा नाही. कागद म्हणतो, धर्म."

"साक्ष देणारी माझी आई आहे, सर. ती खोटं बोलली."

"मग तर साक्षच बाद. साक्ष बाद झाली की घटना संशयास्पद आणि संशयास्पद घटना आपण यादीत घेत नाही. ठरवा तुम्ही. वडील धर्मापायी गेले, की गेलेच नाहीत?"

नंदा म्हणाली, मी आईलाच घेऊन येते.

तुळजाबाई आढेवेढे न घेता तयार झाली. आपल्या अंगठ्याच्या वर काय लिहिलंय ते तिला एकदा बघायचं होतं. तीन जिने चढायला तिला अर्धा तास लागला. सरांनी स्वतः खुर्ची दिली, पाणी आणवलं. "बसा आजी. घाबरू नका. त्या दिवशी काय झालं ते तुमच्या शब्दांत सांगा."

म्हातारीने टेबलापलीकडच्या खुर्चीतल्या माणसाकडे पाहिलं. पाठ ताठ केली, हात जोडले. आणि जन्मात जी भाषा ती कधी बोलली नव्हती त्या भाषेत, शाळेतल्या कवितेसारखं, एका दमात म्हणाली, "माझ्या नवऱ्याने दारूच्या नशेत देवीच्या पालखीला हात लावला. गावाच्या श्रद्धेला धक्का बसला. लोकांच्या डोक्यात राग गेला. कोणी ठरवून काही केले नाही."

एक अक्षर इकडचं तिकडे झालं नाही.

सरांनी नंदाकडे पाहिलं. "ऐकलंत?"

जिन्यात नंदाने मायचा दंड धरून तिला गदागदा हलवलं. "पाटील मेला, माय! वीस वर्षं झाली. आता कुणाला भितेस?"

"हळू. गुडघा दुखतोय," तुळजाबाई म्हणाली. "खुर्चीतल्या मानसानं इचारलं की तेच येतं तोंडात. दुसरं येतच न्हाई. म्या काय करू?"

नंदाने तिला रिक्षात बसवून दिलं, वर येऊन 'धर्म' निवडलं आणि पुढचा अहवाल उघडला. त्या वर्षीच्या परिषदेत अनिरुद्ध सरांनी भाषणाची सुरुवात तिच्याच गावापासून केली. श्रद्धा माणसाला कुठवर नेते, असं विचारून त्यांनी ती साक्ष वाचून दाखवली. सभागृहात बराच वेळ टाळ्या वाजल्या. नंदा मागच्या रांगेत, चहाच्या टेबलाजवळ उभी होती. शेजारची बाई डोळे टिपत तिला म्हणाली, "कसली अडाणी माणसं हो ही! स्वतःच्या नवऱ्याबद्दल असं सांगते?"

"हो ना," नंदा म्हणाली.