रेघ यूमेईची, पाणी लानच्याओचं

"आगं, पर त्या यंत्राच्या रेघंला आंग हाय का आंग?" चहाच्या पाण्यात रंग घोटता घोटता झान यूमेई म्हणाली.

"आंग नसंना का, आक्का. सकाळच्या पारी तुज्यागत तोंड तर वाकडं करत न्हाई." लानच्याओनं आपला जाडा कुंचला उचलला आणि चालायला लागली. यंत्राकडं.

चिनी मातीच्या भांड्यांसाठी नावाजलेल्या जिंगदेझेनच्या त्या कारखान्यात ताटावर मासा काढायचा तर दोघी लागतात. एक रेघ ओढते, दुसरी त्या रेघेत रंगाचं पाणी सोडते. ओढणारी भरत नाही, भरणारी ओढत नाही. बावीस वर्षं रेघ यूमेईची आणि पाणी लानच्याओचं. बाक एक, दुपारच्या थंड शेवयांचा डबाही एकच. त्यात तिखट कालवायचं ते यूमेईनं.

मालक फंगनं आधी लेझर आणला. ताटाच्या बुडाला कारखान्याचं नाव यूमेई हातानं लिहायची. आता भाजलेल्या ताटाला चटका देऊन लेझर पापणी लवायच्या आत लिहून मोकळा व्हायचा. ते तिनं गिळलं. बुडाकडं बघतंय कोण? पण गेल्या आठवड्यात छपाईचं यंत्र आलं. कॉम्प्युटरातला मासा कच्च्या ताटावर सरसर उमटायला लागला, आणि त्यात पाणी भरायला फंगनं लानच्याओला मागितलं. रेघ गेली त्याचं यूमेईला एवढं नव्हतं. बाई गेली. घरात सवत आल्यागत झालं, आणि ह्या सवतीला झिंज्या तरी कुठल्या धरायच्या?

आज दहा ताटांची परीक्षा होती. पाणी छापील रेघेच्या आत राहिलं तर ताटं यंत्राची आणि लानच्याओ पण यंत्राची. यूमेई तशी निवांत होती. तिची रेघ वाळली की बोटाला लागायची, वाफ्याच्या बांधागत. यंत्राची शाई मातीत मुरून सपाट. तिथं पाणी फुटणारच. गरम पाण्याचं निमित्त करून ती पेला घेऊन यंत्रापाशी उभी राहिली आणि भट्टीच्या देवाला मनातल्या मनात उदबत्तीचा अख्खा पुडा कबूल केला.

लानच्याओनं कुंचला बुडवला. टोकाला टपोरा थेंब लोंबला. तो तिनं खवल्यावर टेकवला, हाकलत हाकलत रेघेपर्यंत नेला आणि केसभर अलीकडं थांबवला. थेंब रेघेला शिवलासुद्धा नाही. दुसरं खवलं. दुसरं ताट. दहाही ताटं झाली, एक थेंब बाहेर गेला नाही.

"तुला बांध लागत न्हाई व्हय?" यूमेईचा आवाज चिरकला.

"कवाच लागला न्हाई, आक्का."

"आन बावीस वर्सं त्वांड शिवलं हुतं?"

"तू रोज म्हनायचीस, माज्या रेघंनं तुजं पानी थांबतंय. म्हनलं, म्हनूदे. शेवयात तिखट ब्येस घालतीस."

इतके दिवस यूमेई यंत्रावर जळत होती. ती आग आता सरकली आणि लानच्याओच्या मनगटावर येऊन बसली. कसलं ते मनगट! वाळक्या काटकीएवढं.

फंगनं ताटं यंत्राला दिली. यूमेईकडं वाडगे राहिले. वाडग्याच्या पोटात यंत्राचं तोंड जात नाही.

"आन वाडगं कोन भरनार?" यूमेईनं कुणाकडंच न बघता विचारलं.

"ताटं दुपारपातुर उरकत्यात. मग येती की मी," लानच्याओ म्हणाली. "पर आता रेघ बारीक काढ. तुज्या बांधानं मासा म्हातारा दिसतोय."

"तूच म्हातारी!"

यूमेई बाकावर येऊन बसली. रंगात चहाचं पाणी आणखी ओतलं, पातळ केलं. वाडगा डाव्या हातात फिरवत तिनं कल्ल्याची रेघ ओढली. केसागत आली. लानच्याओ बघतीया का म्हणून हळूच मान वळवली. तिची मान ताटावर वाकलेली होती. यूमेईनं कुंचल्याचं टोक ओठांवर ओढून निमुळतं केलं आणि शेपटी काढायला घेतली.